पीक रानात एक, ॲपमध्ये दुसरंच

निपाणी-कागल पट्ट्यात एकाच घराची जमीन दोन राज्यांत असणं काही नवं नाही. थोड्या रानाचा सातबारा, उरलेल्याचा कर्नाटकी उतारा, म्हणजे आरटीसी. आता दोन्हीकडे पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाईलवर करायची सोय आहे. कर्नाटकाने शेतकऱ्यांसाठीचं ॲप 2020 च्या खरिपात आणलं, महाराष्ट्राची 'ई-पीक पाहणी' 15 ऑगस्ट 2021 ला राज्यभर सुरू झाली. कल्पना चांगलीच. तलाठी बांधावर न येताच पीक लिहितो, ही तक्रार जुनी होती.

सीमाभागात घोडं अडतं ते भाषेपाशी, पण जरा वेगळ्या जागी. इथला मराठी शेतकरी बाजारात, कारखान्यावर कन्नड बोलतो. शाळा मात्र मराठीत झाली, त्यामुळे अनेकांना लिपी वाचता येत नाही. 'कब्बु' म्हटलं की ऊस, 'होगेसोप्पु' म्हटलं की तंबाखू, हे कानाला कळतं. पडद्यावरची अक्षरं कळत नाहीत. भुईमुगाला तर दोन्हीकडे शेंगाच म्हणतात, तरी यादीत त्या सापडत नाहीत! मग फोन जातो शेजारच्या पोराच्या हातात. त्यानं घाईत सोयाबीनऐवजी दुसरंच काही दाबलं, तर विमा एका पिकाचा आणि नोंद दुसऱ्याची. भरपाई अडकते ती इथंच.

यावर नुसतं भाषांतर पुरणार नाही. पिकाच्या नावाशेजारी त्याचा फोटो आणि नाव ऐकवणारं बटण असलं तरी अर्धं काम होईल. दुसरी अडचण नंबरांची. आरटीसी शोधताना सर्व्हे नंबर, मग 'सरनोक', मग हिस्सा विचारतात. शेतकऱ्याला ठाऊक असतं 'ओढ्याकडचं रान'. गंमत अशी, की जिथं उभे आहात तिथला सर्व्हे नंबर दाखवणारं 'दिशांक' ॲप कर्नाटक सरकारकडेच आहे. बोलून माहिती देणारं 'किसान ई-मित्र' केंद्राने 2023 मध्ये सुरू केलं. म्हणजे तंत्र हाताशी आहे, जोडणी नाही.

मराठीतून कागदपत्रांची मागणी कित्येक वर्षांची, आणि ती राजकारणात अडकलेली. ऐकवणाऱ्या बटणाला मात्र त्या वादाचा निकाल लागायची वाट बघायला नको. तेवढं कृषी आणि महसूल खात्यानं मनावर घेतलं तरी पुरे.

तोवर नोंद दुसऱ्याकडून करून घेतली, तर पीक आणि क्षेत्र त्याच्याकडून तिथंच मोठ्यानं वाचून घ्यावं. महाराष्ट्राच्या ॲपमध्ये चुकलेली नोंद 48 तासांत एकदा स्वतः दुरुस्त करता येते.