आधी त्यांच्या बंदुका जमा करा, मग आमच्या परवान्याचं बोलू

अत्याचाराची एखादी बातमी आली की आपल्या तरुणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस निषेधाचे मेसेज फिरतात आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी हमखास विचारतं, 'दादा, परवाना कसा काढायचा? रिव्हॉल्व्हर बरं की पिस्तूल? घरात ठेवायला कुठलं, अंगावर बाळगायला कुठलं?' नंदुरबार, शहादा, नवापूर भागात काम करताना हा प्रश्न आमच्याकडे सारखा येतो. आपले ज्येष्ठ त्यावर दोनपैकी एक उत्तर देतात. काही म्हणतात, आपण बुद्धाची लेकरं, शस्त्राची भाषा नको. काही म्हणतात, घ्या रे, एकदा दाखवाच त्यांना. आम्हाला दोन्ही उत्तरं पळपुटी वाटतात. पहिल्यात भीतीने जगणाऱ्या माणसाला उपदेश आहे, दुसऱ्यात दुसऱ्याच्या पोराच्या जिवावर शौर्य आहे. प्रश्न खरा आहे, तेव्हा त्याचा विचारही नीट व्हायला हवा.

शस्त्र कुणी बाळगायचं आणि कुणी नाही, हे या देशात जातीनेच ठरवलं. बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हाच मुद्दा मांडला आहे. इतकी शतकं एवढा अन्याय होऊनही इथे उठाव का झाला नाही, तर चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गाच्या हातातलं शस्त्र काढून घेतलं होतं म्हणून. इंग्रज आले तरी फार फरक पडला नाही. ज्या महारांनी कंपनीच्या पलटणीत पिढ्यान् पिढ्या नोकरी केली, त्यांची भरती १८९२-९३च्या सुमारास बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. इकडे सातपुड्यात १८५७ साली खाज्या नाईकाच्या मागे भिल्ल उभे राहिले आणि त्यानंतर डोंगरातल्या माणसाच्या हातातल्या शस्त्राकडे सरकारने कायम संशयानेच पाहिलं. म्हणून 'आम्हालाही शस्त्र हवं' असं आपला पोरगा म्हणतो तेव्हा त्याला गुंड ठरवायची घाई कुणी करू नये.

पण याच बाबासाहेबांचं दुसरं पानही वाचावं लागतं. डिसेंबर १९४८मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. कसलीच अट नसलेला हक्क गुन्हेगारालाही मागता येईल, हा त्यांचा मुद्दा होता. १९३६ आणि १९४८ यांत आम्हाला विसंगती दिसत नाही. शस्त्रबंदी फक्त खालच्यांवर नको, हे पहिलं म्हणणं. शस्त्र मोकळं सोडलं तर ते ज्याच्याकडे पैसा, जमीन आणि ओळख आहे त्याच्याचकडे आधी आणि जास्त जाणार, हे दुसऱ्यातून आम्ही घेतलेलं तात्पर्य. गावात बंदूक कुणाच्या भिंतीवर टांगलेली असते, ते आठवून पाहा.

या दोन्ही गोष्टी एकत्र धरणारी तरतूद आपल्या कायद्यात आहे आणि ती फार कमी कार्यकर्त्यांनी मुळातून वाचली आहे. ॲट्रॉसिटी ॲक्ट १९८९चा, त्याखालचे नियम १९९५चे. नियम ३(१) हा अत्याचार होण्याआधी सरकारने काय करायचं ते सांगतो. पहिलं काम, अत्याचारप्रवण भाग ओळखणं. मग कलेक्टर आणि एसपी यांनी तिथे जाऊन आढावा घेणं. तिसरं, त्या भागातल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्रपरवाने गरज पडल्यास रद्द करणं आणि ती शस्त्रं सरकारी शस्त्रागारात जमा करून घेणं. यात त्यांचे जवळचे नातेवाईक, नोकरचाकर आणि कुटुंबाचे मित्रसुद्धा येतात. चौथं, बेकायदा शस्त्रं जप्त करणं. आणि पाचवं, आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जीव आणि मालमत्तेच्या सुरक्षेसाठी शस्त्रपरवाने देणं.

क्रम पाहा. खैरलांजीनंतर, नगर जिल्ह्यातल्या खर्डा आणि जवखेड्यानंतर आपल्या मोर्चांत 'आम्हाला परवाने द्या' ही घोषणा झाली. म्हणजे आपण थेट पाचव्या पायरीवर बोललो. तिसरी आणि चौथी पायरी कुणी मागितलीच नाही. वास्तविक तिसरी पायरी फुकट आहे, तिला आपल्या कुणाच्या खिशातून पैसा लागत नाही, कुणाच्या घरात काडतूस येत नाही आणि ज्याच्याकडून धोका आहे त्याचा हात आधी रिकामा होतो. सरकारलाही ती अवघड वाटते ती यामुळेच. आपल्याला चार परवाने देऊन फोटो काढता येतो. पाटलाची बंदूक जमा करताना मात्र फोन वाजतात.

आपल्या जिल्ह्याला याचा इतिहास नवा नाही. १९७१ साली शहाद्याजवळ पाटीलवाडीत धान्यासाठी गेलेल्या भुकेल्या भिल्लांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या प्रकरणानंतर अंबरसिंग सुरतवंतींच्या कामाला धार आली, ३० जानेवारी १९७२ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला, पुढे श्रमिक संघटना उभी राहिली. त्या भिल्लांनी बंदुकीला बंदूक शोधली नाही. ज्यांची जमीन गेली होती त्यांनी ती संघटनेच्या बळावर मागितली, बायकांनी गावोगाव दारूचे मटके फोडले, नवऱ्याने मारलं तर बायकांचा जथा त्याच्या दारात जाऊ लागला. महाडला २० मार्च १९२७ रोजी मंडपावर हल्ला झाला तेव्हाही आपल्याकडे लष्करातून निवृत्त झालेली माणसं हजर होती, लढायचं कसं ते त्यांना शिकवावं लागलं नसतं. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं आणि हल्लेखोरांवर खटला चालवला. ज्यांच्या अंगात ताकद आहे त्यांनी ती आवरणं आणि ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी गप्प बसणं, यात फरक आहे. आपल्या शांततेचं कौतुक करणारे हा फरक सोयीस्करपणे विसरतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा परवाना मिळाला. घ्यायचं काय?

सामान्य नागरिकाला निवड फारशी नाही. सिनेमात आणि पोलिसांच्या कमरेला दिसतं ते नऊ एमएमचं पिस्तूल आपल्याला मिळत नाही. साधारणपणे .३२ बोअर हाच पर्याय. रिव्हॉल्व्हर घ्या, सहा गोळ्या, रचना सोपी, अडकण्याची शक्यता कमी. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं, वजन अर्धा किलो, पर्समध्ये मावणारं. किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. रोजगार हमीची मजुरी आज तीनशेच्या थोडी वर आहे. म्हणजे शेतमजूर बाईने चारशे दिवस राबायचं, एक रुपयाही खायचा नाही आणि मग 'निर्भीक' व्हायचं. (नाव ठेवणाऱ्याला हा हिशेब कुणी सांगितला नसावा.) परवडेल कुणाला? नंदुरबार शहरात बंगला बांधलेल्या आपल्या नोकरदार बांधवाला. त्याला धोका नाही असं नाही, पण साक्ष दिली म्हणून रात्री दार वाजतं ते धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर किंवा गावकुसाबाहेरच्या वस्तीत.

त्या वस्तीतलं घर डोळ्यांपुढे आणा. कुडाच्या भिंती, वर पत्रा, एकच खोली. गोळी कुडातून आरपार जाते आणि पलीकडे शेजाऱ्याचं लेकरू झोपलेलं असतं. हत्यार कुलपात ठेवायचं तर कपाट नाही, आणि कुलपात ठेवलं तर ऐनवेळी हाताला येत नाही. घरात दारू असेल, तर ते रिव्हॉल्व्हर हल्लेखोराआधी बायकोवर रोखलं जाईल. आमच्या भागात डाकीण ठरवून ज्या बायकांना छळलं जातं, त्यांना छळणारे बहुतेक वेळा भाऊबंद आणि शेजारीच असतात. त्या बाईला घरातल्या पिस्तुलाने संरक्षण मिळेल असं कुणी छातीवर हात ठेवून सांगेल का?

आणि अंगावर बाळगायचं म्हटलं तर आपली माणसं घरी असतात किती दिवस? दिवाळीनंतर निम्मा पाडा ऊसतोडीला गुजरातेत. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. ते महाराष्ट्रापुरतं असेल, तर नवापूरच्या रेल्वे स्टेशनवर फलाटाच्या एका टोकाला तुम्ही परवानाधारक आणि चार पावलं पुढे गुजरातेत गुन्हेगार. बंद घरात ठेवून गेलात आणि चोरीला गेलं तर जाब पुन्हा तुम्हालाच. निवडणुकीत परवान्याची शस्त्रं जमा करून घेतली जातात, आणि ग्रामपंचायतीची निवडणूक हाच तर आपल्याकडे डोकी फुटण्याचा हंगाम. शिवाय तुम्ही ॲट्रॉसिटी दाखल केली की समोरून मारहाणीची, लुटीची उलट फिर्याद येते, हे आपल्याला पाठ आहे. त्या फिर्यादीत आता तुमच्या परवान्याचं शस्त्र येईल. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत आहे, कलम ३८ प्रमाणे तो हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंतही जाऊ शकतो. पण गरजेपेक्षा जास्त बळ वापरलं का, पोलिसांकडे जायला वेळ होता का, हे नंतर ठरतं आणि ते ठरेपर्यंत तुम्ही आत असता.

अमेरिकेतला अनुभव असाच आहे. १९५६ साली माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्यांनी पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला. नाकारला. १९६७ साली ब्लॅक पँथर, ज्यांच्यावरून आपल्या दलित पँथरचं नाव आलं, कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात कायदेशीर बंदुका घेऊन गेले आणि त्याच वर्षी तिथे भरलेल्या बंदुका उघड बाळगण्यावर कायद्याने बंदी आली. २०१६ साली मिनेसोटात फिलँडो कॅस्टिल या काळ्या माणसाने पोलिसाला आपणहून सांगितलं की माझ्याकडे परवान्याचं पिस्तूल आहे. पोलिसाने त्याला गाडीतच गोळ्या घातल्या. परवाना कागदावर असतो, संशय जन्मावर असतो.

कट्ट्याबद्दल वेगळं बोलायलाच हवं. खेतियाचा रस्ता आणि चोपड्याला लागून असलेलं मध्य प्रदेशातलं उमर्टी, ही नावं पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये सारखी येतात. पंचवीस-तीस हजारांत 'सामान' मिळवून देतो म्हणणारा एखादा मित्र प्रत्येक तालुक्यात असतो. त्याला आमचं उत्तर सरळ नाही. गावठी कट्टा हातात फुटतो, हे एक. विनापरवाना हत्यार सापडलं तर २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षं शिक्षा, हे दोन. आणि पोलीस भरतीची, एमपीएससीची तयारी करणाऱ्या पोराचं चारित्र्य पडताळणीतच सगळं संपतं. खबर देणाराही बहुधा तो विकणाराच असतो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत हत्यार हातात घेऊन रील बनवणाऱ्यांना तर आमची विनंतीसुद्धा नाही, तंबी आहे. हलगर्जीने किंवा आनंदात गोळीबार करणं हा आता स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्याची बातमी छापताना नाव तुमचं नाही, जयंतीचं येतं.

मग परवाना मागायचाच नाही? मागायचा. ज्या साक्षीदाराला धमकी आली आहे, ज्या सरपंचावर एकदा हल्ला झाला आहे, त्याने जरूर मागावा, नियम ३(१)(५)चा हवाला देऊन, धमकीच्या तक्रारीच्या प्रती जोडून. नाकारला तर लेखी कारण मागावं आणि अपील करावं. हत्यार हाताळायचं रीतसर प्रशिक्षण आधी घ्यावं, ते नियमात आहेच. पण ही एकेका माणसाची गोष्ट झाली. वस्तीची मागणी वेगळी हवी, आणि आपल्या जिल्ह्यात तिच्यासाठी एक जास्तीचं कलम आहे. ॲट्रॉसिटी ॲक्टचं कलम १०. अनुसूचित क्षेत्रात एखादा माणूस अत्याचार करण्याची शक्यता आहे असं विशेष न्यायालयाला पटलं, तर ते त्याला त्या भागातून ३ वर्षांपर्यंत बाहेर काढू शकतं. नंदुरबारचा बहुतांश भाग पाचव्या अनुसूचीतला आहे. म्हणजे धमकावणाऱ्याच्या भीतीने आपल्या माणसाने गाव सोडायचं की धमकावणाऱ्याने, याचं उत्तर कायद्याने देऊन ठेवलेलं आहे. साक्षीदारांच्या संरक्षणासाठी कलम १५अ आहे. ही मागणी बौद्ध वस्तीने एकट्याने करू नये. नियम जाती आणि जमाती दोघांसाठी आहे, इथे भिल्ल, पावरा, मावची, कोकणी समाज बहुसंख्य आहे, आणि आपण मूठभर. सोबत गेलो तरच कलेक्टर उठून बसतील.

सुरुवात माहिती अधिकाराच्या अर्जाने करा. जिल्ह्यात एकूण शस्त्रपरवाने किती, त्यांतले अनुसूचित जाती-जमातींकडे किती? ॲट्रॉसिटीच्या आरोपींपैकी किती जणांकडे परवाना आहे? नियम ३(१)(३)खाली गेल्या १० वर्षांत किती परवाने रद्द झाले, किती शस्त्रं जमा झाली? अत्याचारप्रवण म्हणून कुठली गावं नोंदवली आहेत? जिल्हा दक्षता समितीची बैठक दर ३ महिन्यांनी व्हायला हवी, तिची इतिवृत्तं कुठे आहेत? अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊन. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी, सहाही तालुक्यांतून एकेक अर्ज समितीच्या पुढच्या बैठकीआधी गेला पाहिजे. उत्तर ३० दिवसांत आलं नाही तर पहिलं अपील, आणि त्याचा मसुदा आम्ही तयार ठेवला आहे.