पाऊस चांगला, म्हणूनच आग मोठी

पाऊसपाणी बरे झाले की वणव्याची काळजी मिटली, असे आपण सभासद मंडळी सहज बोलून जातो. आम्हीही बोलत होतो. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाची हकीकत वाचली आणि आमचा हिशेब उलटा निघाला.

हे उद्यान जवळजवळ वीस लाख हेक्टरांचे. सगळे गवताळ रान, मधून मधून झाडे. त्याला सॅव्हाना म्हणतात. पाऊस ऑक्टोबर ते मार्च, पुढे सप्टेंबरपर्यंत कोरडे. १९५७ पासून तिथल्या अधिकाऱ्यांनी गट पाडून पाळीपाळीने रान जाळले. १९९२ साली धोरण फिरवले : विजेने लागलेली आग जळू द्यायची, माणसाने लावलेली विझवायची. पुढे जुन्या नोंदी तपासून २००४ साली अभ्यासकांनी मांडले ते असे, की कोणत्या वर्षी एकूण किती रान जळाले याला धोरणाने फारसा फरक पडलाच नाही. ते ठरले वाळल्या गवतावर, आणि गवत ठरले मागल्या दोन वर्षांच्या पावसावर. दुष्काळात आग पसरत नाही. पसरणार कशी? जळायलाच काही नसते!

२००० च्या फेब्रुवारीत तिथे महापूर आले. रान माजले. ४ सप्टेंबर २००१ रोजी नैर्ऋत्य भागातल्या आगीत वीसहून अधिक माणसे गेली. त्यांत छपराचे गवत कापायला आलेले मजूर होते.

हे वाचताना आम्हांला आपले तोडकरी आठवले. पाऊस बक्कळ झाला की बांधाला, ओढ्याकाठी गवत कमरेएवढे. माघ-फाल्गुनात ते खडखडीत वाळते, तोड तेव्हाच जोरात, कोप्या पाचटाच्या, आणि शेजारी कुणीतरी खोडव्यातले पाचट पेटवून बांधावर तंबाखू मळत बसलेला. 'पाचट जाळू नका' ही पाटी सगळ्यांनी वाचलेली असते. पाटी हवीच, पण नुसत्या पाटीवर आमचा भरवसा नाही. जळण कमी केले पाहिजे.

म्हणून आमचे म्हणणे, चांगल्या पावसाच्या साली दसरा-दिवाळीत बांधाचे गवत हिरवे असतानाच कापून जनावरांना घालावे. कोप्यांभोवती चांगली ऐसपैस जागा खरवडून मोकळी करावी. हा खर्च मुकादमाच्या गळ्यात मारू नये, कारखान्याने सोसावा. वार्षिक सभेत यावर कुरकुर होईल. होऊ द्या, विषय आम्ही मांडणार आहोत.