रडू तरंगात असते का?

ध्वनीचा धडा आपण सारेच शिकतो. नियमित कंपनांचा तो संगीतमय ध्वनी आणि अनियमित कंपनांचा तो गोंगाट, ही व्याख्या पाठ करून परीक्षेत गुणही मिळवतो. गेल्या वर्षी बारावीच्या वर्गाला मी तंबोऱ्याचा आवाज ऑसिलोस्कोपवर दाखवत होतो. पडद्यावरची नागमोडी रेषा पाहून एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, यात रडू येण्यासारखं काय आहे? माझी आई भैरवी ऐकताना रडते."

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

ठरलेले उत्तर असे : षड्ज आणि पंचम यांच्या कंपनसंख्यांचे गुणोत्तर २:३, षड्ज आणि शुद्ध गंधार यांचे ४:५. गुणोत्तर सोपे म्हणून स्वर गोड, आणि गोड म्हणून मन हेलावते. यातली पहिली पायरी बरीचशी खरी आहे. दुसरी मला पटत नाही. आपली पेटीच घ्या. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर शुद्ध गंधार ३०० कंपनांचा हवा. पेटीचे सप्तक समान गुणोत्तराच्या बारा पायऱ्यांत विभागलेले असल्यामुळे तिचा गंधार सुमारे ३०२.४ वर लागतो. दोन्ही गंधार एकदम वाजवले, तर सेकंदाला दोन-अडीच वेळा आवाज चढतो-उतरतो; यालाच आपण विस्पंद म्हणतो. पेटीच्या स्वरांवरील अशाच आक्षेपांमुळे १९४० साली आकाशवाणीवर तिला बंदी झाली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. पण याच पेटीच्या साथीने आपल्या नाट्यसंगीताने पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षकांना रडवले!

दुसरे उत्तर हल्ली व्याख्यानांतून ऐकू येते. अमुक रागाची कंपने अमुक भावना जागवतात, अमुक विकार बरा करतात, असे विज्ञानाचे नाव घेऊन सांगितले जाते. मुळात रागाला ठरावीक कंपनसंख्या नसतेच. एखादा गायक काळी एकमध्ये भूप गातो, एखादी गायिका काळी चारमध्ये. एकूण एक स्वराची कंपनसंख्या बदलते. राग मात्र भूपच राहतो. असे व्याख्यान ऐकाल तेव्हा वक्त्याला एवढेच विचारा की षड्ज कोणता धरला आहे.

मग भावना कोठून येते? मॉन्ट्रियल येथे ब्लड आणि झटोरे या संशोधकांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या संगीताने अंगावर शहारा येतो, असे संगीत प्रत्येकाने स्वतःच निवडायचे होते. एकाने निवडलेले संगीत तुलनेसाठी दुसऱ्यालाही ऐकवले. तरंग तोच, शहारा मात्र ज्याचे संगीत त्यालाच! पुढे २०११ साली झटोरे यांच्याच गटाला असे आढळले की, मेंदूत डोपामीन हे द्रव्य शहाऱ्याच्या क्षणी तर स्रवतेच, पण त्याआधीच्या प्रतीक्षेतही मेंदूच्या वेगळ्या भागात स्रवते. हे वाचताना मला तबल्याची तिहाई आठवली. समेच्या आधीच सभागृहाचा श्वास अडकलेला असतो. पण त्रितालाच्या सोळा मात्रा ज्याच्या कानात मुरलेल्या नाहीत, तो समेची वाट कशी पाहणार?

पदार्थविज्ञानाचे येथे काही काम नाही, असे मात्र समजू नका. तंबोऱ्याची जवारी स्वर इतका भरीव कसा करते, यावर खुद्द सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली लिहिले आहे. शिक्षकांनी हा धडा निदान एखादे वाद्य वर्गात आणून शिकवावा; फळ्यावरच्या तरंगाला आवाज नसतो.

आता माझे सांगतो. माझी आजी पहाटे जात्यावर ओव्या म्हणे. तिचा षड्ज ओवीगणिक सरके, आणि जात्याची घरघर तर व्याख्येप्रमाणे निव्वळ गोंगाट. ती जाऊन बरीच वर्षे झाली. आजही कोठे जाते फिरताना ऐकले की माझे डोळे भरतात, गळा कोणाचा का असेना.

त्या विद्यार्थिनीला उत्तर म्हणून मी गावाकडच्या जात्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून आणला आणि पडद्यावर दाखवला. वेडीवाकडी, दातेरी रेषा उमटली.

"सर, हा तर गोंगाट," ती म्हणाली.

मी हो म्हटले, आणि आजीविषयी सांगू लागलो.