दोन पीएनआरच्या मधले तास

नाशिकहून परदेशी निघालेल्या माणसाचा पहिला टप्पा वर्षानुवर्षं रस्त्याचाच होता. विमान मध्यरात्रीनंतरचं असलं तरी गाडी दुपारीच निघायची. कसारा घाटात कंटेनर आडवा झाला, भिवंडीपाशी कोंडी झाली, तरी अंधार पडेपर्यंत मुंबईला सहार विमानतळावर पोचायचं आणि तिथे चार तास बसून राहायचं, हा ठरलेला हिशेब. ते चार तास वाया गेले असं कुणी म्हणत नसे, कारण गाडी अडकली तर विमान थांबणार नाही हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असायचं. मार्च २०२३ मध्ये इंडिगोनं नाशिकच्या ओझर विमानतळावरून उड्डाणं सुरू केली, पुढे दिल्ली, हैदराबाद, बेंगळुरू जोडली गेली आणि घाट टाळून थेट मोठ्या विमानतळावर उतरण्याची सोय झाली. तेव्हापासून तोच सावध माणूस ओझर ते दिल्ली एक तिकीट काढतो, दिल्ली ते लंडन दुसऱ्या कंपनीचं वेगळं तिकीट काढतो, मध्ये तीन तास ठेवतो आणि दोन्हीकडे विमानच आहे म्हणून निर्धास्त होतो. मला हा निर्धास्तपणा काळजीचा वाटतो. दोन स्वतंत्र तिकिटांमधले तास कायद्याच्या नजरेत कुणाचेच नसतात; ते पूर्णपणे प्रवाशाच्या माथी असतात, अगदी घाटातल्या त्या तासांसारखेच.

अशी दोन वेगळी तिकिटं स्वस्त का पडतात, हे आधी पाहिलं पाहिजे. विमानाचं भाडं किलोमीटरवर ठरत नाही, त्या दोन शहरांमधल्या मागणीवर आणि स्पर्धेवर ठरतं. दिल्ली–लंडनसाठी अनेक कंपन्या झगडतात, म्हणून ते भाडं उतरतं. नाशिक–लंडन असं एकसंध तिकीट देणारे मुळातच मोजके, त्यामुळे त्यात घासाघीस होत नाही. पण फरकाचं दुसरंही कारण आहे. एकसंध तिकीट विकताना त्या विमानतळावर विमान बदलायला किमान किती वेळ लागतो, याचं ठरलेलं गणित तपासलं जातं आणि पहिलं विमान रेंगाळून दुसरं हुकलं तर प्रवाशाला पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. तुटक तिकिटांत हे दोन्ही नाही. म्हणजे वाचलेल्या रकमेचा एक भाग ही सवलत नसून ती जबाबदारी स्वतःवर घेतल्याचा मोबदला आहे. तो मोबदला पुरेसा आहे का, एवढाच खरा प्रश्न आहे.

नियम इथे अगदी स्पष्ट आहेत. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमावलीत उड्डाण रद्द झाल्यास भरपाईची तरतूद आहे: उड्डाणाच्या कालावधीनुसार ५ ते १० हजार रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातली जी रक्कम कमी असेल ती. पुढचं विमान हुकण्याचा विचार तिथे होतो तो ते एकाच तिकीट क्रमांकावर असेल तरच. शिवाय हवामानासारखी कारणं कंपनीच्या हाताबाहेरची धरली जातात, आणि डिसेंबर–जानेवारीत दिल्लीचं धुकं हेच तर नेहमीचं कारण असतं. युरोपातला एक निकाल हा फरक लख्ख दाखवतो. ब्रेमेनहून पॅरिस आणि साओ पावलोमार्गे पॅराग्वेतल्या असुन्सियोनला जाणाऱ्या एका प्रवाशाचं पहिलं विमान सुमारे अडीच तास उशिरा सुटलं, त्यामुळे पुढची विमानं हुकली आणि शेवटच्या मुक्कामी पोचायला ११ तास उशीर झाला. २०१३ मध्ये युरोपीय न्यायालयानं सांगितलं की उशीर मोजायचा तो शेवटच्या मुक्कामावर, आणि भरपाईचा हक्क मान्य केला. हे शक्य झालं ते सगळं एकाच बुकिंगमध्ये होतं म्हणून. तिकिटं सुटी असती तर नोंद राहिली असती ती फक्त ब्रेमेन–पॅरिसच्या अडीच तासांची, आणि तेवढ्या उशिराला तिथे भरपाई नाही.

बॅगांचा प्रश्न तर आपल्या घरांत जास्तच जिव्हाळ्याचा. मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांना आंतरराष्ट्रीय तिकिटावर अनेकदा २३ किलोच्या दोन बॅगा माणशी मिळतात, आणि कुरडया, पापड, मेतकूट, डिंकाचे लाडू, गोडा मसाला यांनी त्या अगदी काट्यावर ४६ किलोला टेकवलेल्या असतात. ओझर–दिल्लीच्या सुट्या देशांतर्गत तिकिटावर मात्र सहसा १५ किलो. म्हणजे माणशी ३१ किलो जास्त, दोघांचे मिळून ६२. पुढचं तिकीट दाखवल्यावर काही कंपन्या सवलत देतात, पण ती मिळेलच असं धरून चालू नये. नाहीतर तिकिटात वाचलेले पैसे ओझरच्या काउंटरवरच संपतात. बॅगेला लावलेली पट्टी तिथेच वाचावी: तिच्यावर शेवटचा मुक्काम म्हणून छापलेली तीन अक्षरं दिल्लीची असतील तर बॅग दिल्लीतच उतरणार. ती पट्ट्यावरून उचलायची, बाहेर यायचं, टर्मिनल वेगळं असेल तर तिथवर जायचं, पुन्हा रांग. बदल परदेशात असेल तर गुंतागुंत आणखी वाढते. लंडनला बॅग उचलून नव्यानं चेक-इन करायचं म्हणजे आधी ब्रिटनची सीमा ओलांडायची आणि त्यासाठी योग्य व्हिसा लागतो.

यावर पहिला आक्षेप पैशांचाच येईल, आणि तो हलका नाही. शैक्षणिक कर्ज काढून निघालेल्या विद्यार्थ्याला वाचलेले १५–२० हजार म्हणजे तिथला काही आठवड्यांचा किराणा. त्यानं ते जरूर वाचवावेत, पण आदल्या दिवशीच दिल्ली गाठून. मुक्कामाचा खर्च धरूनही फरक उरत असेल तर ती बचत खरी. दुसरा आक्षेप असा की एकसंध तिकीट तरी कुठे अडचणीतून सुटतं? जेट एअरवेजनं २०१८ मध्ये नाशिक–दिल्ली सेवा सुरू केली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीच थांबली. अशा वेळी सगळा प्रवास त्याच कंपनीवर असलेला माणूस जास्त बुडतो, हे खरं. एकसंध तिकिटातला पहिला टप्पा सोडून परस्पर रस्त्यानं मोठा विमानतळ गाठला तर पुढचे टप्पे बहुधा रद्द होतात, हाही त्याचा मोठा जाच आहे. पण कंपनी बंद पडणं क्वचित घडतं. उशीर आणि रद्द होणं रोजचं आहे. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांनंतर इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि सरकारनं परताव्याचे आदेश दिले. परतावा रद्द झालेल्या तिकिटाचा. वेगळ्या कंपनीचं पुढचं विमान मात्र वेळेवर सुटलं, आणि त्या कंपनीच्या लेखी प्रवासी आलाच नाही. नाशिककरांना याची झळ जास्त, कारण ओझरहून दिल्लीला जाणारी विमानं मोजकी आणि आयत्या वेळी पर्याय पुन्हा तोच घाट.

माझी तक्रार सुटी तिकिटं काढणाऱ्यांबद्दल नाही, ती विकण्याच्या पद्धतीबद्दल आहे. पैसे एकदाच भरले जातात, एजंट एकच छापील कागद देतो, संकेतस्थळ दोन्ही उड्डाणं एका रेघेनं जोडून दाखवतं. पीएनआर, म्हणजे बुकिंगचे क्रमांक, दोन आहेत हे खालच्या बारीक अक्षरांत. लंडनच्या गॅटविक विमानतळानं २०१५ मध्ये सुट्या तिकिटांच्या प्रवाशांसाठी बॅगा पुढे पाठवण्याची आणि विमान हुकल्यास मदतीची सेवा सुरू केली, म्हणजे हे अशक्य कोटीतलं काम नाही. आपल्याकडे तेवढं होईपर्यंत महासंचालनालयानं विक्रेत्यांवर एक बंधन घालावं: पैसे घेण्याआधी मोठ्या अक्षरांत, प्रवाशाच्या भाषेत सांगायचं की ही दोन तिकिटं आहेत, बॅग मध्ये उचलावी लागेल आणि पहिल्या विमानामुळे दुसरं हुकल्यास त्याचे पैसे परत मिळणार नाहीत. तोवर एजंटकडून कागद हातात घेताना सहा अक्षरांचा पीएनआर एकच आहे की दोन, हे तिथल्या तिथे विचारावं. दोन असतील तर पैसे भरण्यापूर्वीच दिल्लीतल्या मुक्कामाचाही भाव काढावा.