गाडी भाच्याकडे, आरसी मामाच्या नावावर : टोलनाक्याचा कॅमेरा नाते ओळखत नाही

भिवंडी, मालेगावात एक-दोन ट्रकवर घर चालवणारी कुटुंबे कमी नाहीत. कागद म्हणजे रस्त्यात आरटीओने हात दाखवला तरच काढायची वस्तू, अशी जुनी सवय. ते दिवस आता संपत आलेत.

ओडिशा आणि बिहारमध्ये २०२४ पासून टोलनाक्यांवर ई-डिटेक्शन सुरू झाले. गाडी नाक्यावरून गेली की तिचा नंबर ‘वाहन’ या सरकारी नोंदीशी जुळवला जातो. फिटनेस, विमा किंवा पीयूसीची तारीख उलटली असेल तर ई-चलन तयार. भिवंडीहून कटकला माल नेणाऱ्याची तपासणी आता वाटेतच होते.

मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीत तारखा सांभाळायला माणूस ठेवलेला असतो. आपल्याकडे मालकच ड्रायव्हर. आठ वर्षांपर्यंतच्या ट्रकला दर दोन वर्षांनी फिटनेस लागतो, पुढे दरवर्षी. नेमकी गाडी जुनी होते तेव्हाच कागदांचा खर्च आणि धावपळ वाढते.

पण खरा धोका दंडाचा नाहीच. सुप्रीम कोर्टाचे २०१८ मधले दोन निकाल प्रत्येक गाडीमालकाने लक्षात ठेवावेत. एकात ट्रकला अपघाताच्या वेळी परमिट नव्हते. विमा कंपनीने भरपाई द्यावी आणि ती मालकाकडून वसूल करावी, असे कोर्टाने सांगितले. म्हणजे विम्याचा हप्ता भरूनही घर विकायची वेळ येऊ शकते. दुसऱ्यात गाडी हातोहात विकली गेली होती, आरसी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर. जबाबदार तोच ठरला.

आपल्यात मामा भाच्याला, भाऊ भावाला ट्रक हप्त्यावर देतो. जबान दिली, झाले. नाव बदलायचे राहून जाते. चलन येते मामाला, अपघाताचा खटलाही मामावरच.

मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, हा हुकूम सूरह बकरहच्या २८२व्या आयतीत आहे, आणि ती कुरआनमधली सर्वात लांब आयत आहे. लिहून घेणे म्हणजे नातेवाइकावर अविश्वास नव्हे. भांडण टाळायचा तोच रस्ता आहे.

तेव्हा आजच आरसी काढा. नाव कोणाचे, मोबाइल नंबर चालू आहे का, फिटनेस, परमिट आणि विमा कधी संपतो, एवढे बघा. नाव दुसऱ्याचे असेल तर पुढची फेरी मारण्याआधी ते बदलून घ्या.