आग्रहाचा खर्रा

इतरांची दिवाळी भाऊबीजेला आटोपते. आमच्या भंडारा जिल्ह्याची तेथून रंगात येते. गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, रात्रभर नाटक, आणि घरे लेकी-जावयांनी, सोयऱ्या-धायऱ्यांनी गजबजलेली. पाहुणा उंबरठ्याच्या आत येतो न येतो तोच पाणी येते, चहा येतो, फराळाचे ताट येते. आणि ताट उचलले जाण्यापूर्वीच यजमानाच्या खिशातून खर्र्याची पन्नी बाहेर निघते. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला हा ऐवज म्हणजे आमच्या स्वागताचा शेवटचा आणि सर्वांत जिव्हाळ्याचा उपचार! एखादा पाहुणा हात जोडून म्हणतो, “मी सोडला.” सारी बैठक हसते. “घे ना गा, एक चिमूट त घे! एवढ्यानं का होते?”

या ‘एवढ्यानं का होते’च्या विरुद्ध माझी तक्रार आहे.

खर्रा सुटत नाही तो माणसाच्या मनाला निर्धार नाही म्हणून, असे आपण फार सहज बोलून जातो. निर्धाराचे प्रवचन देणाऱ्याला काही खर्च येत नाही. पण गालात काय चालते ते तरी त्याने समजून घ्यावे! तंबाखूत निकोटिन असते. चुन्याच्या क्षारामुळे ते मोकळे होते आणि गालाच्या आतल्या नाजूक अस्तरातून थेट रक्तात उतरते. रोज ठरल्या वेळी ते मेंदूला मिळू लागले, की मेंदू त्याचा हिशेब ठेवतो आणि एक दिवस चुकला तर वसुलीला येतो. डोके दुखते, झोप उडते, पोट साफ होत नाही, माणूस बायकामुलांवर उगाच खेकसतो. हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि पुढे तीन-चार आठवड्यांत ओसरत जातो. म्हणजे सोडणाऱ्याला खरी गरज असते ती काही दिवसांच्या आधाराची. नेमक्या त्याच दिवसांत आपण त्याच्यापुढे पन्नी धरतो, आणि त्याने हात पुढे केला की म्हणतो, “बघा, याच्या मनात निर्धारच नाही!” विहिरीत ढकलायचे आणि पोहता येत नाही म्हणून हसायचे, असा हा न्याय आहे.

कोणी म्हणेल, ही आमची परंपरा आहे. पाहुण्याला पानसुपारी देणे आपल्या रक्तात आहे. परंपरेची ही वकिली जरा तपासून पाहू. तंबाखू ही अमेरिका खंडातली वनस्पती. पोर्तुगीजांनी ती आपल्याकडे आणली. अकबराच्या दरबारात ती १६०४ च्या सुमारास पोचली, आणि तीही विजापूरहून. ज्ञानेश्वरांनी आणि नामदेवांनी या देशात तंबाखूचे पान पाहिलेलेच नाही! आणि ज्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने आमच्या गावांत अजून गायिली जातात, त्यांनी तर जन्मभर व्यसनमुक्ती सांगितली. त्यांचे नाव आज नागपूरच्या कर्करोग रुग्णालयावर आहे. भजनाच्या वेळी आपण त्यांचे ऐकत नाही, आणि मग तोंडाचा फोड घेऊन त्यांच्याच नावाच्या दारात जाऊन उभे राहतो. परंपरा पाळायचीच असेल तर यांची का पाळू नये?

सुपारी जुनी आहे हे खरे. पण जुनी म्हणून ती निर्दोष ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. तंबाखू वगळून ‘साधी’ सुपारी घोटून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. सुपारीने गालाचे अस्तर हळूहळू आखडते. प्रथम तिखट लागेनासे होते, म्हणजे सोसवेनासे होते. झणझणीत रश्श्याचा अभिमान बाळगणारा आमचा वैदर्भीय दहीभातावर येतो. मग तोंड उघडेनासे होते. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी जातात. याच्या तोंडात दोन जातात, पुढे एकच. याच आखडलेल्या गालात पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. आईने केलेला अनारसा हातात आहे आणि तोंडात शिरत नाही, अशी दिवाळी ज्या घरात आली त्या घराला ‘एवढ्यानं का होते’ हे विचारून पाहावे.

सरकारने काय केले, हा पुढचा प्रश्न. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. त्यानंतरच्या आदेशात खर्र्याचेही नाव घातले. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री नको, अठरा वर्षांखालील मुलाला विकायची नाही, असा कायदा २००३ चा आहे. तरी पानठेला आपल्या जागी आहे, हे सांगायला मी कशाला हवा? अधिकाऱ्यांना जाब अवश्य विचारावा. पण जाब विचारणाऱ्याने आपल्या घरातले एक दृश्यही आठवावे: बाप ओसरीवरून हाक मारतो, “जा रे, एक खर्रा घेऊन ये,” आणि आठ-दहा वर्षांचा मुलगा पैसे मुठीत धरून पळतो. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. शाळेत आम्ही तंबाखूमुक्तीची शपथ घेववतो, मुले हात पुढे करून खणखणीत आवाजात ती म्हणतात. आणि संध्याकाळी तोच हात पानठेल्याच्या फळीवर टेकलेला असतो. मुलाने शाळेचे खरे मानावे की बापाचे? मूल बापाचे मानते. ते स्वाभाविकच आहे.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील दर चार प्रौढांपैकी जवळजवळ एक जण धूर न काढणारी तंबाखू खाणारा आढळला. विडी-सिगारेट ओढणारे शंभरात चारही नव्हते. म्हणजे धूर ओढणाऱ्याला आपण बैठकीतून उठवले, आणि पन्नीवाल्याला मात्र लोडाशी बसवले! यात बायाही आहेत. रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकलेली बाई भूक मारायला चिमूट धरते. तिच्यापुढे प्रवचन देण्यापूर्वी तिच्या न्याहारीची चौकशी करावी.

मग उपाय नाही काय? आहे, आणि तो फार दूरही नाही. आमचीच वैनगंगा पुढे ज्या गडचिरोली जिल्ह्यात जाते, तेथे डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने शासन आणि टाटा ट्रस्ट यांच्यासह २०१६ मध्ये ‘मुक्तिपथ’ सुरू केले. दारू आणि तंबाखू या दोहोंविरुद्ध गावाने एकत्र बसून ठराव करायचा, विक्री थांबवायची, आणि सोडू पाहणाऱ्याला उपचार मिळवून द्यायचे, अशी त्याची रीत. व्यसन एकट्याचे नसते, गावाचे असते, हे तेथे ओळखले गेले. आम्हीही तेच खाणारे लोक; आम्हाला का जमू नये?

शेवटी तोंड ज्याचे त्याचे. सोडायचे त्यालाच आहे. तलफ आली तर ती काही मिनिटांत उतरते. तेवढा वेळ पाणी प्यावे, बडीशेप चघळावी, हात कामात घालावे. फारच त्रास झाला तर डॉक्टरांना विचारून निकोटिनचा डिंक घ्यावा. पुडीवरच छापलेल्या १८००-११-२३५६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. तोंडात पांढरा वा लाल चट्टा, न भरणारी जखम दिसली तर दंतवैद्याकडे जाण्यास मंडई संपण्याची वाट पाहू नये.

आणि बाकीच्यांनी? आपल्याकडे मागणे एवढेच आहे, की यंदा पाहुण्याला चकलीचा आग्रह करा, करंजीचा करा, आणखी एक दिवस राहण्याचा करा. खर्र्याचा करू नका. मुलाला पानठेल्यावर धाडू नका. “मी सोडला” असे कोणी म्हणाले तर हसू नका, विचारा, “किती दिवस झाले?” दहा म्हणाला तर शाबासकी द्या. मध्येच घसरला तर टोमणा न मारता पुन्हा पहिला दिवस मोजायला बसा. सोडणारे पुष्कळ जण एकापेक्षा अधिक वेळा सोडूनच सुटलेले असतात.

आग्रह हा आमच्या मुलखाचा मोठा गुण आहे. आजवर तो पन्नीच्या कामी आला. यंदाच्या मंडईत तो माणसाच्या कामी लावून बघू.