प्रार्थनेचे भय आणि भाषेची बेफिकिरी

आमच्याकडे वर्षातून दोनदा पत्रांची लाट येते. डिसेंबरात येणाऱ्या पत्रांचा सूर असा की, अमक्या ख्रिस्ती प्राथमिक शाळेत नाताळच्या नाटुकल्यात आमच्या मुलास मेंढपाळ केले, मुलीस देवदूताचे पंख लावले आणि दोघांकडून येशूची गाणी म्हणवून घेतली. हा धर्मावर घाला नव्हे काय? पुढे प्रवेशाचे दिवस आले म्हणजे दुसरी लाट उसळते: त्याच शाळेत आमच्या मुलास जागा मिळत नाही, हा अन्याय नव्हे काय? या दोन्ही पत्रांखाली कधी कधी एकच सही आढळते. अशा सद्गृहस्थांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु या दोन तक्रारींच्या गलबल्यात तिसरी, आणि आमच्या मते एकमेव खरी, तक्रार कोणीच करीत नाही, हे आम्हास नमूद केले पाहिजे.

पहिल्या तक्रारीचे उत्तर कायद्यात आहे. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडान्वये, सरकारमान्य अथवा सरकारी अनुदान घेणाऱ्या कोणत्याही शाळेत विद्यार्थ्यास त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षण घेण्याची किंवा उपासनेस हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. ज्यास प्रार्थना नको असेल त्याने मुख्याध्यापकांस चार ओळींचे पत्र लिहावे. हे पत्र लिहिण्याचे धैर्य होत नाही म्हणून वर्तमानपत्रास पत्र लिहावयाचे, हा प्रकार आम्हास फारसा पुरुषार्थाचा वाटत नाही. शिवाय पुठ्ठ्याचे पंख लावल्याने ज्याचा धर्म जातो, त्याचा धर्म घरी कितपत रुजला होता, हेही एकदा पाहिलेले बरे. तेव्हा हा विषय येथेच सोडून देऊन, प्रार्थना संपल्यावर त्या वर्गात दिवसभर काय चालते तिकडे वाचकांचे लक्ष वेधावे, अशी आमची इच्छा आहे.

गेल्या पावसाळ्यात अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील एका खेड्यात मिशनने पूर्वी काढलेल्या मराठी प्राथमिक शाळेत एक दिवस बसण्याचा योग आम्हास आला. इमारत जुनी, कौले गळकी. प्रार्थना झाली ती मराठीत, आणि तिची चाल अभंगाची होती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ज्या भूमीत बसून मराठी ख्रिस्ती पद्य रचले तेथे याचे नवल वाटावयास नको. पुढे दुसरीच्या बाईंनी चिंचोक्यांचा डबा उघडला. घरात माणसे इतकी, प्रत्येकास भाकरी दीड, तर थापावयाच्या किती, असा प्रश्न घातला. आणि मुले चिंचोके मांडून, अर्ध्यासाठी चिंचोका फोडावा की काय याविषयी आपापसात कडाक्याचा वाद घालून, उत्तरास पोहोचली. दुपारी वर्ग बांधावर गेला. पाने गोळा करून, कोणाची कड सरळ, कोणाची करवतीसारखी, अशी त्यांची रास लावण्याचे काम होते. एका मुलाने मूठभर गवत आणले. बाईंस त्याचे नाव ठाऊक नव्हते. मुलगा म्हणाला, ‘‘बाई, हा मारवेल. गाय आधी हाच खाती.’’ बाईंनी त्यास फळ्यापाशी नेऊन तो शब्द त्याच्याच हाताने लिहवून घेतला. शिक्षकाहून आपणास काही अधिक ठाऊक आहे, हा अनुभव सात वर्षांच्या वयात ज्यास आला तो मुलगा शाळेस भिणार नाही. आणि हा अनुभव त्यास आला, कारण शाळेची भाषा व गोठ्याची भाषा एकच होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका मोठ्या शहरातील ख्रिस्ती प्राथमिक शाळा पाहण्यात आली. तिचे नाव आम्ही देत नाही. तिच्यासारख्या पुष्कळ आहेत, आणि हिंदू विश्वस्तांनी चालविलेल्याही त्यांत आहेत. येथे माध्यम इंग्रजी. खोल्या हवेशीर, भिंती रंगीत तक्त्यांनी भरलेल्या, खेळणी उंची. ऋतूंच्या तक्त्यात बर्फ पडत होते आणि बाहेर चिखल झाला होता. पहिलीचा वर्ग एका सुरात उत्तरे देत होता, व ती उत्तरे बिनचूक होती. प्रश्न जरा फिरवून विचारला की मात्र सामसूम होई. एक मुलगा बराच वेळ चुळबुळ करीत होता. बाहेर जाण्याची परवानगी मागण्याचे एक ठरीव इंग्रजी वाक्य त्या वर्गात होते. ते त्यास काही केल्या जुळेना, आणि मराठीत विचारावयाचे नाही असा दंडक. अखेर जे व्हावयाचे ते झाले, आणि वर्ग हसला. बाई स्वभावाने दुष्ट नव्हत्या; त्यांनी त्यास जवळ घेऊन पुसले-सवरले. परंतु पुसतानाही त्या त्याच्याशी इंग्रजीतच बोलत होत्या. अशा प्रसंगी ज्या शाळेच्या तोंडून त्या मुलाच्या आईची भाषा निघत नाही, तिच्या प्रार्थनेचे आम्हास काडीचे भय वाटत नाही. तिच्या या मुकेपणाचे वाटते.

हे मुकेपण ख्रिस्ती शाळेचे मूळचे लक्षण आहे काय? मुळीच नाही. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले, ते प्रथम स्वतः मराठी शिकले. त्यांच्या मिशनच्या आरंभीच्या शाळा मराठी होत्या. तेथे शिकविण्यास हिंदू पंतोजीही असत. याच मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ साली आलेल्या सिंथिया फॅरार बाई पुढे नगरास गेल्या व १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुलींस शिकवीत राहिल्या. त्यांची ती शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यास मुलींची शाळा घातली, हे सर्वश्रुत आहे. सावित्रीबाईंनीही फॅरार बाईंपाशी अध्यापनाचे धडे घेतल्याचे सांगतात. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत बालोद्यान-पद्धतीचा, म्हणजे हाताने करून, खेळून व गाऊन शिकविण्याच्या रीतीचा, अभ्यास केला आणि परत येऊन १८८९ साली शारदा सदन उघडले. या मंडळींचा धर्मप्रसाराचा हेतू आम्ही झाकून ठेवीत नाही. त्यांनीही तो झाकला नव्हता. परंतु ज्यास काही पटवावयाचे आहे तो ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलतो, एवढे शहाणपण त्यांस होते. आजच्या त्यांच्या वारसांस काही पटवावयाचेच उरले नसून केवळ विकावयाचे उरले आहे, असे कोणी म्हटले, तर त्याचे तोंड कसे बंद करावे हे आम्हास समजत नाही.

गोव्याचा इतिहास तर अगदी डोळ्यांपुढचा आहे. १९९० साली गोवा सरकारने प्राथमिक शाळांचे अनुदान देशी भाषांतून शिकविणाऱ्या शाळांपुरते ठेवण्याचे ठरविले, तेव्हा आर्चडायोसिसच्या शाळा कोकणी माध्यमाकडे वळल्या. २०११ साली सरकारने इंग्रजीसही अनुदानाचे दार उघडले आणि त्या शाळा इंग्रजीकडे गेल्या. पुढल्या वर्षी सरकार बदलले, तरी ते अनुदान चालूच राहिले, आणि त्यावरून मोठे आंदोलन झाले. शाळाचालकांचे म्हणणे, पालकांची मागणीच तशी होती. ती होती, हे खरे आहे. म्हापशाचा नव्हे तर मनमाडचा मजूरही आज तेच मागतो, कारण वकील, डॉक्टर, मंत्री व संपादक यांची मुले कोठे जातात हे तो पाहतो. आम्ही स्वतः कायदा इंग्रजीत शिकलो आणि त्याच भाषेवर आमची चूल पेटली, तेव्हा इंग्रजीस नावे ठेवणे आम्हास शोभणार नाही. इंग्रजी एक विषय म्हणून उत्तम शिकवा. परंतु बेरीज, पाऊस, गाय आणि तहान या गोष्टी मुलाने ज्या भाषेत प्रथम जाणल्या तीतच त्यास त्यांचा विचार करू द्या, एवढेच आमचे मागणे आहे. २०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासून हिंदीच्या प्रश्नावर महाराष्ट्र खवळून उठला व सरकारास आपले निर्णय मागे घ्यावे लागले. लहान मुलावर परकी भाषा लादू नये, हा त्या वेळचा युक्तिवाद बिनतोड होता. तो इंग्रजीच्या दारापाशी येऊन एकाएकी कसा थबकला, हे आम्ही विचारू इच्छितो.

सक्तीने हे काम होणार नाही, हेही सांगणे प्राप्त आहे. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या प्रकरणात १९५४ सालीच सर्वोच्च न्यायालयाने इंग्रजी शाळांच्या प्रवेशावर बंधन घालणारा मुंबई सरकारचा हुकूम रद्द केला. ६ मे २०१४ या एकाच दिवशी घटनापीठाने दोन निकाल दिले: एकात, प्राथमिक वर्गांस मातृभाषेचे माध्यम सरकारास लादता येणार नाही, असे ठरले, दुसऱ्यात, २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांस लागू नाही, असे. आता हा कायदा काय सांगतो तेही पाहावे. मुलांनी कृतीतून, शोधातून शिकावे आणि शक्य तोवर माध्यम मातृभाषा असावे, असे त्याच्या २९ व्या कलमात आहे. विनाअनुदान शाळांनी आरंभीच्या वर्गातील निदान चतुर्थांश जागा दुर्बल घटकांच्या मुलांस द्याव्या, असे बाराव्यात आहे. म्हणजे फॅरार बाईंनी जे आपण होऊन केले, त्यातूनच त्यांच्या धर्मबंधूंच्या शाळांनी न्यायालयाकडून सुटका मिळविली. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या दुसऱ्या निकालाविषयी शंका प्रकट करून तो प्रश्न मोठ्या पीठाच्या विचारासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. अनुच्छेद ३० चे संरक्षण अल्पसंख्याकांस असलेच पाहिजे, त्यावर हात टाकणाऱ्याच्या बाजूस आम्ही उभे राहणार नाही. परंतु ते संरक्षण आपल्या शाळा आपल्या मताने चालविण्यासाठी आहे. शेजारच्या वस्तीतील मोलकरणीची मुलगी फाटकाबाहेर ठेवण्यासाठी ते मागितले जावे, हे त्या धर्माच्या संस्थापकाच्या शिकवणीशी कितपत जुळते, याचा निर्णय आम्ही धर्मोपदेशकांवरच सोपवितो.

आमची विनंती साधी आहे. ज्या चर्च-संस्थांच्या हाती मोठ्या शहरांतील नामांकित शाळा आहेत, त्यांनी न्यायालयाची वाट न पाहता प्रत्येकी एक तुकडी तरी पहिली ते चौथीपर्यंत मराठीची, गोव्यात कोकणीची वा मराठीची, सुरू करावी. तीत उत्तम शिक्षक नेमावे, इंग्रजी हा विषय त्याच शिक्षकांकडून शिकवावा, आणि फी गरिबास झेपेल अशी ठेवावी. आणि आमच्या हिंदू बांधवांनी डिसेंबरातील पत्रे लिहिण्याचा वेळ वाचवून आपल्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चिंचोक्यांचा तरी डबा आहे की नाही, हे एकदा जाऊन पाहावे.

नगर जिल्ह्यातील त्या शाळेतून निघताना बाईंनी आम्हास फाटकापर्यंत पोहोचविले. शेजारच्या गावी इंग्रजी शाळा निघाली असून तिची पिवळी गाडी आता या वस्तीपर्यंत येऊ लागली आहे, असे त्या म्हणाल्या. पुढल्या साली माझ्या वर्गात किती उरतील, असे त्यांनी विचारले. ज्याने मारवेल लिहिला त्या मुलाच्या बापानेही गाडीची चौकशी केली होती.